दोन दारांच्या मधला फोन

"सेल्फ! अगं बायांनो, सेल्फ! सातवी ओळ सगळी सेल्फ करून ठेवली! हा राणी रंग कोणाचा हाये? बोला की! कोणाचा हाये?"

अक्कांच्या आवाजानं शेडनेटची जाळी पतंगासारखी फुगली. तिथून दोन कोसांवर राजूरला गणपतीच्या दर्शनाला उभी असलेली रांग त्या आवाजासरशी चार पावलं पुढं सरकली, असं मला नंतर तिघांनी सांगितलं. त्यातले दोघं त्या दिवशी राजूरला गेलेच नव्हते, तरी त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. एवढा मोठा आवाज होता तो.

राणी रंग माझा होता. सगळ्या बायांनी माझ्याकडं पाहिलं. मी मिरचीच्या झाडाकडं पाहिलं. आणि झाडाच्या दोन फांद्यांच्या बेचक्यात तिरपा खोचलेला माझा फोन, त्याला कसली आलीय लाज, तो आपला खुशाल गात होता.

आज सकाळी यंदाच्या सीझनचा पहिला दोरा बांधला आणि ते सगळं कानात पुन्हा एकदा ओरडलं. वर्ष झालं की हो! गणपती उठले, मिरचीला पांढरी फुलं आली, की आमच्याकडं हवेलाच घाई सुटते. पायवाटेवरचा चिखल वाळून त्याचा पापड झालेला असतो. शेडनेटच्या आत गेलं की उजेड हिरवा होतो. त्या उजेडात नवी नवरीसुद्धा कच्च्या मिरचीसारखी दिसते. चुरडलेल्या पानांचा तो तिखट, ओला वास. ठिबकच्या नळीची टिपटिप. केसांत, पदरात, चहाच्या कपात, सगळीकडं लोकरीचे बारीक तंतू. माझे डोळे बांधा आणि मला कुठंही आणून सोडा, नुसत्या वासावरून सांगते, क्रॉसिंग चालू झालं!

क्रॉसिंग म्हणजे काय, ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगून टाकते, नाहीतर माझा गुन्हा किती मोठा होता ते कळायचं नाही. आमची मिरची खायची नव्हे, बियाण्याची. उद्या उमलणारी कळी आज दुपारी चिमट्यानं उघडायची. पाकळ्या आणि आतले नर, म्हणजे परागाचे तंतू, काढून टाकायचे, मधली दांडी तेवढी ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, वेगळ्या जातीच्या झाडाचा पराग बोटातल्या अंगठीत भरून आणायचा आणि त्या दांडीच्या टोकाला अलगद लावायचा. लावला की देठाला लोकरीचा दोरा. दोरा म्हणजे साक्ष. हे फूल कोणीतरी बघून, ठरवून, हातानं लावलंय. प्रत्येक बाईचा रंग ठरलेला. अक्कांचा निळा, गयामावशीचा पिवळा, माझा राणी. अकरा वाजले की फूल ऐकत नाही. तुम्ही जिल्ह्याच्या कलेक्टर असा नाहीतर कोणी असा, अकरानंतर फूल तुमच्याशी बोलत नाही.

आणि ज्या फुलाला कोणी हातच लावला नाही, ते आपल्याच परागानं आपोआप फळतं. फळ तेवढंच गुबगुबीत, तेवढंच लाल. पण बियाण्याच्या कामाचं नाही. त्याला आमच्यात म्हणतात सेल्फ. दिसलं की तोडायचं आणि फेकायचं.

मी काय केलं होतं, तर नर न काढलेल्या, आपोआप उमललेल्या फुलांना, पाकळ्या सगळ्या शाबूत असताना, वरून पराग चोळून ऐटीत राणी दोरे बांधले होते. ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पांढऱ्या पाकळ्या आणि खाली राणी दोरा! लपवायची सोयच नाही. चोरानं चोरी करून दारावर स्वतःचा फोटो लावावा, तसं झालं. आणि हे करताना मी बघत काय होते? तर कुठल्यातरी लांबच्या देशातला एक माणूस रडत रडत वाटीभर मिरच्या खात होता. भोवती मिरचीची चार हजार झाडं, आणि मी मिरची बघायला फोनमध्ये गेल्ते!

"कधीपासून चाललंय हे, शोभे?" अक्कांनी विचारलं. ओरडून नाही. त्याचीच भीती जास्त.

"आजच, अक्का. बिलकुल आजच."

हे मी म्हणाले. आता या बोलण्याचं ओझं केवढं होतं तेही सांगायला पाहिजे. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, गोदावरी. चौदा वर्षं क्रॉसिंग करतात. पंचक्रोशीतल्या निम्म्या बायांचे हात त्यांनीच वळवलेत. पण प्लॉटच्या दारावर कंपनीची पत्र्याची पाटी असते, तिच्यावर शेतकऱ्याचं नाव, आणि ते नाव कायम थोरल्या दिरांचं, म्हणजे दादांचं. दादांनी जन्मात एक फूल लावलेलं नाही. त्यांची बोटं अशी, की मिरचीचं फूल त्यांच्या चिमटीत गेलं तर सापडायला महिना लागेल. माणूस सोन्याचा, पण बोटं मुसळाची. गेल्या साली सुपरवायझर साहेब कागद भरत होते. प्लॉट कोणाच्या नावानं, म्हणाले. दादांनी तोंड उघडायच्या आत अक्का चहा गाळता गाळता म्हणाल्या, "माझ्या लिहा."

चहासुद्धा गाळणीत थांबला.

मग दादा हसले. "लिहा, लिहा. पास झाला प्लॉट तर पाटी कायमची तिची. नापास झाला तर मंग माझं नाव कुठं पळून चाल्लंय?"

पास-नापास असं ठरतं, की तयार बियाणं कंपनीत गेलं म्हणजे त्यातलं मूठभर पेरून बघतात. झाडं मोठी होतात, आणि झाडं खोटं बोलत नाहीत. सेल्फची झाडं जास्त निघाली की प्लॉट नापास. निकाल हाती यायला पुढचा सीझन उजाडतो. म्हणजे त्या सातव्या ओळीत मी नुसती फुलं नासवली नव्हती. अक्कांचं पाटीवरचं नाव नासवत होते. आणि वर 'आजच' म्हणून मोकळी झाले.

खरं सांगू? आजच नव्हतं ते. सोमवारपासून चालू होतं आणि तो दिवस शुक्रवार होता.

त्या दिवसांतला माझा अंगठा! काय वर्णावा! भाकरी थापताना तो आपोआप वर सरकायचा. भाकऱ्या गोल व्हायच्या बंद झाल्या, लांबट व्हायला लागल्या. नवरा म्हणाला, ही भाकरी आहे का मोबाईलचं कव्हर? गीता वाचायला बसले तर पानावर अंगठा वर ढकलायचे आणि दुसरा अध्याय का येईना म्हणून चिडायचे. म्हशीनं एकदा माझ्याकडं असं पाहिलं, की मला वाटलं हिला पुढं सरकवावं, खाली दुसरी म्हैस असेल. फोन मी घेतला होता कशासाठी, तर पोराच्या शाळेचे निरोप येतात म्हणून. पण शाळेचा निरोप बघायला आत शिरायचं आणि बाहेर यायचं कधी, तर पोरगं शाळेतून घरी येऊन, जेवून, खेळायला गेल्यावर. मधल्या वेळात मी तीन स्वयंपाक शिकायचे, दोन भांडणं ऐकायचे, एका अनोळखी बाईच्या डोहाळजेवणाला जाऊन यायचे, आणि शाळेचा निरोप तसाच राहायचा.

मला कोणी विचारलं असतं, की शोभा, हे सगळं तू ठरवून बघितलंस का, तर मी काय सांगितलं असतं? काहीच ठरवलं नव्हतं. आपोआप झालं. गुबगुबीत, लाल, आणि आपोआप.

शनिवारी तांबडं फुटायच्या सुमाराला मी गुपचूप शेडनेटला निघाले. म्हटलं, सोमवारपासूनचे राणी दोरे कोणी यायच्या आत तोडून टाकावेत. आधीच्या फुलांच्या पाकळ्या एव्हाना झडलेल्या. कोणतं खरं, कोणतं सेल्फ, देवालासुद्धा कळलं नसतं. सगळेच काढायचे. हळूच बाहेरचं दार उघडलं, लावलं, आतलं उघडलं. बघते तर पाचव्या ओळीत अक्का वाकलेल्या. एका हाताच्या मुठीत राणी दोऱ्यांचा गुंता.

मी तशीच उभी. 

"आजच ना?" अक्का मान वर न करता म्हणाल्या.

"न्हाई अक्का." माझा आवाज, जो एरवी तीन शिवारं ओलांडतो, तो माझ्याच पदरापर्यंत पोहोचेना. "सोमवारपासून."

त्यांनी पाठ सरळ केली. "मंग उभी काय राह्यली? तू त्या टोकानं धर. मी इकडून येते."

आम्ही दोघी दोन टोकांकडून तोडत तोडत मधे भेटलो. बाया यायच्या आत चार ओळी मोकळ्या झाल्या. त्या गोष्टीबद्दल त्या कधी एक शब्द बोलल्या नाहीत. दोरे मात्र फेकले नाहीत. गुंता सोडवून, एकेक सरळ करून, त्यांनी ओच्यात ठेवले. मला वाटलं काटकसर. पण सगळं तोडलं गेलं का? पानाआड एखादं राहिलं नाही ना? सोमवारच्या आधी, रविवारी, शनिवारी माझं लक्ष कुठं होतं? तो प्रश्न तेव्हा जो पोटात बसला, तो वर्षभर उठला नाही.

त्याच दिवशी अक्कांनी बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा आणला. आठ बाया, आठ फोन, सगळे डब्यात. शेडनेटला दोन दारं असतात. पांढरी माशी आत येऊ नये म्हणून बाहेरचं दार लागल्याशिवाय आतलं उघडायचं नाही. त्या दोन दारांच्या मधे एक चिंचोळी जागा असते, माणूस उभा राहील एवढी. तिथं खिळ्याला डबा टांगला. "संध्याकाळपर्यंत कोणी हात लावायचा न्हाई. माशीला जो कायदा, तोच तुमच्या फोनला!"

पहिल्या दिवशी डबा असा गुणगुणला की आग्यामोहोळ बसलंय म्हणून शेजारच्या शेतातला गडी धूर घेऊन पळत आला. दुसऱ्या दिवशी मला भास व्हायला लागले. कंबरेला फोन नसताना कंबर थरथरायची. गयामावशी म्हणाली, "पोरी, तुझ्या अंगात आलंय का काय?" पण फुलं बराबर लागायला लागली. बाया एकमेकींशी बोलायला लागल्या. दहा वर्षं शेजारच्या ओळीत काम करणाऱ्या बाईला चार बहिणी आहेत हे मला त्या आठवड्यात कळलं, आणि चौघींचीही भांडणं फोनमधल्यापेक्षा कितीतरी सरस निघाली!

मला वाटलं, झालं, सुटलो. फोन म्हणजे माशी. दार लावलं की काम झालं.

आणि मग ती गुरुवारची सकाळ. आठ बायांनी आठ ते अकरा असं झपाटून काम केलं, की झाडं दम खाऊ द्या म्हणाली असती. संध्याकाळी डबा उघडला. सगळ्यांच्या फोनवर सुपरवायझर साहेबांचा सकाळी आठचा निरोप: 'आज कोणीही पराग लावू नये. पराग देणाऱ्या नराच्या ओळीत दुसऱ्याच जातीची झाडं सापडली आहेत.' खाली त्यांचेच अकरा फोन आलेले.

आख्ख्या सकाळचे आठही रंग तोडावे लागले. निळासुद्धा.

अक्कांनी स्वतःचे निळे दोरे स्वतः काढले. मी राणी दोऱ्यांसाठी जेवढी मान खाली घातली होती, तेवढी त्यांनी निळ्यासाठी घातली. फोन हातात होता तेव्हा ओळी गेल्या, फोन डब्यात होता तेव्हा एक सकाळ गेली. दादा बांधावरून म्हणाले, "काय मंग, पाटी उतरवू का?" चेष्टेनंच म्हणाले, पण चेष्टा त्या दिवशी फारच जिव्हारी लागली. अक्कांनी शेवटचा निळा दोरा तोडून मुठीत घेतला. 

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी ओच्यातून तो राणी दोऱ्यांचा जुडगा काढला.

"डबा राहीन," त्या म्हणाल्या. "पण ज्याला फोन पाहिजे त्यानं दारात यावं, कशासाठी पाहिजे ते मोठ्यानं सांगावं, आणि बोटाला दोरा बांधून घ्यावा. दोन दारांच्या मधे उभं राहून तेवढंच काम करावं. झालं की यावं, काय केलं ते सांगावं, दोरा सोडून घ्यावा."

"आणि सांगितलं एक अन् केलं दुसरं तर?" मी विचारलं.

"तर आपण सगळ्याजणी मिळून काय म्हणायचं?"

"सेल्फ!" गयामावशी किंचाळली. तिचा एकच दात आहे, पण तो शब्द तिनं असा म्हटला की तो दातही हलला.

काय दिवस आले मग! सकाळी आठला एकीनं ठरवून फोन बघायचा, साहेबांचा निरोप वाचून दाखवायचा, पाऊस आहे का वारा आहे ते सांगायचं. ती पाळी लागलेली. बाकीच्यांची कारणं दिवसभर जाळीतून घुमायची. "मी हवामान पाह्याला चाल्ले वो!" "मी नणंदेला विचाराया चाल्ले, पोटात दुखायचं थांबलं का!" "पानावर ठिपके आलेत, साहेबांना फोटो पाठवाया चाल्ले!" मोठ्यानं सांगायचं म्हटलं की निम्मी कारणं घशातच वाळून जायची. मी एकदा दारापर्यंत गेले, तोंड उघडलं, आणि काय सांगू? 'आत काय चाललंय ते बघायला' असं सात बायांसमोर ओरडून सांगून बघा कधी. मी परत ओळीत आले आणि मुकाट्यानं बावीस फुलं लावली.

एकदा मी सांगितलं, पोराच्या शाळेचा निरोप. दोरा बांधला, गेले. शाळेचा निरोप खरंच पाहिला. पाहिल्यावर अंगठा म्हणाला, आलोच आहोत तर. अर्ध्या मिनिटात मला असं खदाखदा हसू फुटलं की जाळी हलली. आतून एका सुरात सात बाया, "सेल्फ! सेल्फ! शाळेत एवढं हसू कशाचं गं?" मी दार लावून आत आले तेव्हा माझं तोंड माझ्याच दोऱ्याच्या रंगाचं झालं होतं.

गयामावशीनं मात्र सगळ्यांचं डोकं चक्रावून टाकलं. ती दारात आली आणि ठणठणीत म्हणाली, "मला काहीच काम न्हाई. मला नुसती मजा पाह्याची हाये."

सगळ्या थांबल्या. अक्का कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. बाकीच्या सहा बाया ओरडायला तोंड उघडून तयार.

"किती वेळ?" अक्का म्हणाल्या.

"चहा थंड होईस्तोर."

"मंग बराबर हाये. सांगितलं ना तिनं? मजा म्हणून सांगितलं आणि मजाच करणार. त्यात सेल्फ काय हाये?" आणि मावशीच्या सुरकुतलेल्या बोटाला त्यांनी दोरा बांधला.

मला त्या क्षणी जे उमगलं ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, कारण आमच्याकडं असं काही बोललं की बाया ताप बघतात. मला वाटायचं, गंमत बघणं हाच गुन्हा. तसं नव्हतंच. मिरची खाणारा तो रडका माणूस काही वाईट नव्हता, बिचारा. त्याला मी बोलावलंच नव्हतं एवढंच. मावशीनं त्याला बोलावून, पाट मांडून बसवला. त्या दिवसापासून चहाला मजेचा दोरा सुरू झाला. आठ जणी, एक फोन, एक रील. एका म्हशीला जिना उतरवत होते. आम्ही ती एकच रील तीनदा पाहिली आणि असं हसलो, असं हसलो, की दोन ओळींतल्या कळ्या वेळेआधी उमलल्या. चहा थंड. दोरा सोडला. ती म्हैस मला अजून आठवते. त्याआधी एकटीनं बघितलेल्या लाखभर गोष्टींपैकी एक सांग म्हणाल तर सांगता येणार नाही.

सीझन संपला. लाल मिरच्यांचे ढीग लागले, दोरे बघून बघून फळं घेतली, बिनदोऱ्याची फेकली. बियाणं पिशवीत शिवून नवीन जालन्याला कंपनीच्या ऑफिसात गेलं. शेडनेट रिकामं झालं, खिळ्यावरचा डबा घरात आला, आणि माझ्या बोटाला सवयच लागली. बाजारात असो, एसटीत असो, फोन काढायच्या आधी मी तोंडातल्या तोंडात पुटपुटते, 'आईला विचारायला, गुडघा कसा आहे.' एसटीत शेजारची बाई सरकून बसते. बसू दे. कधी चुकते. दर चार दिवसांनी एकदा तरी चुकते. बाहेर आल्यावर मनातल्या मनात स्वतःलाच ओरडते, सेल्फ! पण निदान कळतं तरी, कोणत्या फळाला दोरा होता आणि कोणत्याला नव्हता.

पोटातला प्रश्न मात्र तिथंच. उन्हाळाभर मला स्वप्नं पडायची, कंपनीच्या वावरात माझ्या राणी दोऱ्याची झाडं उगवलीत आणि सगळी उभी राहून माझं नाव सांगून राह्यलीत. यंदा नवी पाटी आली. कंपनीचं नाव होतं, गावाचं होतं, शेतकऱ्याच्या नावाची तेवढी जागा कोरी. दादा म्हणाले, निकाल आला की रंगवू. लागवडीलाच डबा पुन्हा खिळ्यावर गेला होता, आणि महिनाभर ती पाटी दोन दारांच्या मधे, डब्याच्या खाली, टेकून उभी. फोन घ्यायला जाणाऱ्या प्रत्येक बाईला ती कोरी जागा दिसायची. मी तिकडं बघायचंच सोडलं.

आणि आज! आज सकाळी, यंदाच्या पहिल्याच सकाळी, साडेनऊला, डब्यात अक्कांचा फोन वाजला. कंपनीच्या निरोपाचा आवाज अक्कांनी वेगळा ठेवलाय, घंटीसारखा. टण्ण! आठच्या आठ बाया जागच्या जागी थिजल्या. माझ्या अंगठीतला पराग सांडला.

"अक्का! निकाल!"

"हातातलं फूल लाव."

"अक्का, निकाल आला असंल!"

"आला असंल तर कुठं जातो? फूल जाईन अकराला."

दीड तास! दीड तास मी फुलं लावली. असं वाटलं, दोन दिवाळ्या झाल्या, पोराचं लग्न झालं, मी म्हातारी होऊन माझाही एकच दात उरला. पण एक सांगते, एकेक फूल मी असं लावलं की त्या फुलानं वळून पाहिलं असतं. पाकळ्या काढलेल्या, नर काढलेले, पराग टोकाला, दोरा देठाला. प्रत्येकाला. बांधावर दादा कधीचे येऊन उभे. त्यांच्या हातात पिवळ्या रंगाचा डबा आणि ब्रश. कोणाचं नाव रंगवायचं ते त्यांनाही माहीत नव्हतं, पण ब्रश ओला करून आले होते.

अकरा वाजले. अक्का दारात आल्या. यंदा दारावरची पाळी माझी. मी जुडग्यातला राणी दोरा काढला. तोच, माझ्या गेल्या सालच्या सेल्फ फुलांचा. त्यांच्या बोटाला बांधताना माझ्याकडून तीनदा सुटला.

"कशासाठी?" मी विचारलं. नियम म्हणजे नियम.

"निकाल पाह्याला."

त्या मधल्या जागेत गेल्या. आतलं दार लावलं. जाळीतून त्यांची हिरवी सावली तेवढी दिसायची. चष्मा लावला. डबा उघडला. आम्ही उरलेल्या सात जणी जाळीला नाक लावून. एक माणूस मिरचीएवढा लहान निरोप वाचायला किती वेळ घेईल? अक्कांनी तो दोनदा वाचला. मग फोन डब्यात ठेवला. झाकण लावलं. कोऱ्या पाटीकडं एकदा पाहिलं. आणि आत आल्या.

"पास."

अहो, काय सांगू! गयामावशी नाचली, तिला गुडघे नाहीत तरी नाचली. ठिबकच्या नळ्या उसळल्या. मी अशी ओरडले, अशी ओरडले, की अंकुशनगरला साखर कारखान्यानं शिफ्टचा भोंगा समजून माणसं आत सोडली असतील. दादांनी बांधावरून धावत येऊन पाटी बाहेर ओढली, गोदावरीतला 'गो' काढायला घेतला आणि रंग धोतरावर सांडला. माझ्या पोटातून वर्षाचा दगड निघाला आणि मी रडत होते का हसत होते, देव जाणे. "अक्का! काढा तो फोन! अजून एकदा दाखवा! सगळ्यांना पाठवू, ग्रुपवर टाकू, माहेरी कळवू, पाटीजवळ तुमचा फोटो काढू, स्टेटसला ठेवू, साऱ्या तालुक्याला कळू द्या! अक्का, काढा की!"

अक्कांनी बोट माझ्यापुढं धरलं.

"निकाल पाह्याला गेल्ते. पाह्यला. दोरा सोड."